दाखल्यावरची तारीख

[सिव्हिलचा पॅसेज, सकाळ]

आज दिव्यांग बोर्डाचा दिवस, म्हणजे डॉक्टर तपासून अपंगत्वाचं सर्टिफिकेट देतात तो. लांबच्या तालुक्यांतनं लोक पहिल्या एसटीने आलेत, कोणी कुबड्या घेऊन, कोणी पोराला कडेवर घेऊन, आणि यातले सगळे काही नवीन नाहीयेत बरं का. बऱ्याच जणांकडे सर्टिफिकेट आहे, संजय गांधी निराधार योजनेचे पैसेही चालू आहेत, तरी परत लाईनीत, कारण सर्टिफिकेटची मुदत संपत आलीय.

[सर्टिफिकेटचा क्लोजअप]

अपंगत्वाचे टक्के सगळे वाचतात, 40 किंवा वर आहेत ना, मग झालं, झेरॉक्स काढून फाईलला लावलं. पण त्याच्या आसपासच ही ओळ असते बघा, पुन्हा तपासणीची गरज नाही किंवा अमुक वर्षांनी गरज आहे, आणि गरज आहे म्हटलं की पुढे तारीख. दिव्यांग हक्क कायद्याच्या 2017 च्या नियमांत सरळ लिहिलंय, अपंगत्वात पुढे फरक पडण्यासारखा नसेल तर कायमस्वरूपी, पडण्यासारखा असेल तर तात्पुरतं. म्हणजे लहानपणी पोलिओने गेलेल्या पायासाठी कोणाला दर काही वर्षांनी बोलवायचं कारणच नाही.

लहान मुलांचं मात्र वेगळं असतं.

[ताई आणि त्यांचा मुलगा, टेस्टची खोली]

या ताईंच्या मुलाला बौद्धिक अक्षमता आहे, 75 टक्के, म्हणून दिव्यांगाचं ओळखपत्र, UDID कार्ड, पिवळं, 80 किंवा त्याहून जास्त असतं तर निळं मिळालं असतं. केंद्राच्या गाईडलाईनप्रमाणे अशा मुलांचं सर्टिफिकेट 5, 10 आणि 18 व्या वर्षी नवीन करायचं, कारण वाढत्या वयात मूल शिकतं, बदलतं. आत्ता आत काय चाललंय ते बघा, मॅडम मुलाला ठोकळे लावायला देतायत आणि मधेमधे ताईंना विचारतायत, शर्टाची बटणं स्वतः लावतो का, दुकानातनं सुटे पैसे बरोबर आणतो का, रस्ता एकटा ओलांडतो का. ताई प्रत्येक प्रश्नाला आधी मुलाकडे बघतात आणि मग उत्तर देतात. नुसत्या आयक्यूच्या आकड्यावर टक्के ठरत नाहीत, रोजचं जगणं कितपत जमतं तेही धरतात, म्हणून जे जमत नाही ते लपवू नका, चार लोकांत सांगायला जड जातं तरी सांगा.

आणि याला आता 18 पूर्ण झालीत. गाईडलाईनप्रमाणे 18 ला मिळालेलं सर्टिफिकेट आयुष्यभर चालतं, तेव्हा तरीही पुढची तारीख टाकलेली दिसली तर टेबलावरनं उठायच्या आधीच, सर हे कायमस्वरूपी का नाही, असं विचारायचं. विचारणं हा हक्क आहे, त्यात उद्धटपणा कसला.

तारीख उलटून गेली की पैसे अडकतात, एसटीची सवलत अडकते, म्हणून दोन-तीन महिने आधीच स्वावलंबन पोर्टलवर, म्हणजे सर्टिफिकेटच्या सरकारी वेबसाइटवर, अर्ज टाकून ठेवा.

[तहसील, संजय गांधी शाखा]

आता दुसरा घोळ. सर्टिफिकेट कायमस्वरूपी झालं म्हणजे पैसे पण कायमचे चालू असं नाही. संजय गांधी निराधारमध्ये माणूस हयात आहे हे दरवर्षी दाखवावंच लागतं, हे आजोबा त्यासाठीच आलेत. अंगठा मशीनवर उमटत नाहीये, आयुष्यभर शेतात राबलेले हात, रेषा झिजल्यात, क्लार्क ओल्या कपड्याने पुसून परत ठेवायला सांगतोय. आम्हाला वाटतं ज्याला जिना चढवत नाही त्याचा अंगठा घ्यायला मशीनच खाली आलं पाहिजे, दारात गेलं पाहिजे.

दिव्यांगांना पूर्वी महिन्याला 1500 मिळायचे, ऑक्टोबर 2025 पासून 2500 झालेत. आणि वय 65 झालं की नाव संजय गांधीमधनं श्रावणबाळ या वृद्धांच्या योजनेत जातं, तेव्हा एखाद्या महिन्यात पैसे दिसले नाहीत तर बंद झाले समजून घरी बसू नका, शाखेत जाऊन नाव कुठल्या यादीत आहे ते आधी विचारा.