सुरगाठ की निरगाठ? जपानी आहेराचं पाकीट

नमस्कार. ही दोन पाकिटं बघा. दोन्हींवर कागदाची वळलेली दोरी आहे, तिला मिझुहिकी म्हणतात. जपानी लोकांना सजावटीची हौस, असं म्हणून आपण पुढे जातो. पण त्यांच्याकडे ही दोरी आधी वाचली जाते, पैसे नंतर मोजले जातात.

या लाल-पांढऱ्या दोरीचं टोक ओढतो. सुटली! ही चोमुसुबी, आपली सुरगाठ. सोडून पुन्हा बांधता येते, म्हणजे असा प्रसंग पुन्हा पुन्हा येवो. बाळ झालं, मूल शाळेत गेलं, की हे पाकीट. आता दुसरी ओढतो. बघा, आणखी घट्ट बसली. ही मुसुबिकिरी, म्हणजे निरगाठ. हे एकदाच घडावं, परत नको. म्हणूनच ती लग्नालाही लागते आणि मयतालाही! फरक रंगाचा. लग्नाला लाल-पांढरी किंवा सोनेरी-रुपेरी, मयताला काळी-पांढरी. नवखा माणूस नेमका इथे चुकतो. छान दिसतं म्हणून सुरगाठीचं पाकीट घेऊन लग्नाला जातो, आणि त्याचा अर्थ होतो, 'तुमचं लग्न पुन्हा होवो.'

आत किती घालायचे? मित्राच्या किंवा सहकाऱ्याच्या लग्नाला साधारण 30,000 येन, 10,000 च्या 3 नोटा. सम आकड्याचे दोन सारखे भाग पडतात, जोडपं तुटतं, म्हणून विषम. आपल्यासारखा वर रुपया ठेवायची पद्धत तिथे नाही. 20,000 च द्यायचे असतील, तर 10,000 ची 1 आणि 5,000 च्या 2, म्हणजे नोटा 3 होतात. 4 आणि 9 टाळाच. 4 म्हणजे 'शी', मृत्यूचाही उच्चार तोच. 9 म्हणजे 'कु', यातनेचाही तोच.

लग्नाला नोटा कोऱ्या करकरीत हव्यात. मयताला कोरी नोट दिली, तर 'आधीच काढून ठेवले होते' असा अर्थ निघतो. जवळ कोऱ्याच असतील तर मध्ये एक घडी घाला. नावही फिक्या शाईनं लिहायचं, जणू अश्रू पडून शाई पातळ झाली. त्यासाठी राखाडी शाईचं वेगळं ब्रशपेन मिळतं.

मागची घडी तपासा. लग्नाला खालची बाजू वरच्यावर, ओंजळ धरल्यासारखी. मयताला वरची खालच्यावर, मान झुकवल्यासारखी. पैसे भरून पाकीट मिटताना हीच घडी चुकून उलटी बसते.

पाकीट खिशातून तसंच काढू नका, फुकुसा नावाच्या कापडातून द्या. एकच घ्यायचा असेल तर जांभळा घ्या, तो दोन्हीकडे चालतो.

मयताला दिलेल्या पैशांना कोदेन म्हणतात. साधारण 49 दिवसांनी त्या घरातून चहा किंवा टॉवेल येतो, बहुधा तुमच्या रकमेच्या निम्म्या किमतीचा. तो ठेवून घ्या. 'मिळालं' एवढा फोन पुरे, आभाराचं पत्र पाठवू नका. परतफेडीची परतफेड झाली की दुःखही पुन्हा येतं, असं मानतात.