शेख हुसरी : मोजून केलेलं पठण

इजिप्तमधल्या तांता शहराजवळ शुब्रा अन-नमला हे गाव आहे. महमूद खलील अल-हुसरी यांचा जन्म १९१७ साली इथला. आठव्या वर्षीच त्यांचं कुराण तोंडपाठ झालं. पुढं अल-अझहर या इस्लामी विद्यापीठात किराअतींचं, म्हणजे कुराण-पठणाच्या मान्य पद्धतींचं, शिक्षण झालं, १९४४ साली रेडिओवर पठण सुरू झालं. आधी तांताची अहमदी मशीद आणि १९५५ पासून कैरोची अल-हुसैन मशीद, अशी त्यांची कारी, म्हणजे कुराणाचे पठणकार, म्हणून सेवा.

मैफली गाजायच्या त्या मुजव्वद शैलीवर : दीर्घ आलाप, एकेक आयत (कुराणातलं वचन) फिरूनफिरून. हुसरींची ओळख झाली ती मुरत्तलमुळं. हे पठण संथ, सरळ, एका लयीतलं. ऐकायला सोपं, करायला महाकठीण. कारण इथं चूक सुरांमागं लपत नाही.

फातिहाचा, म्हणजे कुराणातल्या पहिल्या अध्यायाचा, शेवट ऐका : ‘वलद्दाल्लीन’. यातला ‘दा’ सहा मात्रा ताणायचा. साध्या ‘आ’ला दोनच मात्रा. ‘इन्ना’तल्या जोड ‘न’चा नाकातला नाद, म्हणजे गुन्ना, तोही दोन मात्रांचा. वेग वाढला तर सगळ्याच मात्रा आखूड होतात, पण आपसातलं प्रमाण ढळता कामा नये. शिकाऊ कारी नेमका इथंच घसरतो. सुरुवातीला सहा भरतो, दम सरत आला की चारावर उरकतो.

दम तुटण्याचा धोका याहून मोठा. चौथ्या सूरहच्या (अध्यायाच्या) ४३व्या आयतीत नशेत असताना नमाजेजवळ जाऊ नका, असं बजावलं आहे. अरबीत ‘नमाजेजवळ जाऊ नका’ हे आधी येतं, नशेचं नंतर. मध्येच थांबलात तर अर्थच उलटतो. अशा वेळी काही शब्द मागं जाऊन पुन्हा उचलायचं असतं.

छापील प्रत उच्चार शिकवत नाही, म्हणून संपूर्ण कुराण ध्वनिमुद्रित करावं, ही कल्पना इजिप्तचे अभ्यासक लबीब अस-सईद यांची. १९६१ साली हफ्स रिवायतीतलं (रिवायत म्हणजे परंपरेनं आलेली पठणाची पद्धत) हुसरींचं मुरत्तल लोकांपर्यंत पोहोचलं. असं हे पहिलंच संपूर्ण ध्वनिमुद्रण.

नंतर त्यांनी वर्श, कालून आणि दूरी याही रिवायती मुद्रित केल्या. मोरोक्कोत वर्श चालते, लिबियात कालून, सुदानमध्ये दूरी. एकाच शब्दात दीर्घ स्वरापाठोपाठ हमजा, म्हणजे घशात आवाज क्षणभर अडवणारा अरबी वर्ण, आला, तर हफ्समध्ये चार-पाच मात्रा आणि वर्शमध्ये सहा. जिभेवर मुरलेली मापं बाजूला ठेवून ११४ सूरह पुन्हा म्हणायच्या, हे त्यांचं सर्वांत अवघड काम.

१९८० साली त्यांचं निधन झालं. हिफ्ज, म्हणजे कुराण पाठ, करणाऱ्या मुलांना उस्ताद आजही त्यांचं पठण लावून देतात. बोटं मिटत मात्रा मोजता येतील, इतकं ते स्वच्छ आहे.