घरी बांधलेला कॉम्प्रेसर: आधी वर्तुळ तोडा, मग दोष शोधा

ऑडिओ कॉम्प्रेसर, म्हणजे मोठा आवाज आपोआप दाबणारं सर्किट, बांधून झाला, वीज दिली, आणि आवाज फाटतोय, दबत नाहीये किंवा कायमच दबलेला आहे. अशा वेळी बहुतेक जण आधी जेफेट (आवाज दाबणारा ट्रान्झिस्टर) बदलतात, मग ऑपअँप (सिग्नल वाढवणारी आयसी), मग कपॅसिटर. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असा हा प्रकार होतो. साध्या अँप्लिफायरमध्ये सिग्नल एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातो आणि जिथे तो बिघडतो तिथेच दोष असतो. या प्रकारच्या कॉम्प्रेसरचं तसं नाही. त्याचं आउटपुट मोजलं जातं, त्यातून कंट्रोल व्होल्टेज तयार होतं आणि ते परत इनपुटकडच्या जेफेटवर येतं. या वर्तुळात एका ठिकाणचा दोष सगळीकडे दिसतो. म्हणून आज सांगायची मुख्य गोष्ट एवढीच: आधी वर्तुळ तोडायचं, त्याची सरळ रेषा करायची आणि मगच मीटर हातात घ्यायचा.

बोलणं नेमकं राहावं म्हणून एक ठरावीक सर्किट समोर ठेवू. सप्लाय अधिक-उणे १५ व्होल्ट. इनपुट बफरनंतर १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, पुढे ४७ किलोओहमचा रेझिस्टर, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला जेफेटचा ड्रेन. सोर्स ग्राउंडला. तिसरा पाय गेट: त्यावरच्या व्होल्टेजनुसार ड्रेन-सोर्समधला रेझिस्टन्स बदलतो. ड्रेनच्या बिंदूवरून १ मेगओहम ग्राउंडला जातो, आणि तिथूनच टीएल०७२ या ऑपअँपला सिग्नल मिळतो. त्याचा गेन ३९ किलोओहम आणि १ किलोओहम यांनी ठरतो, म्हणजे ४० पट. १ किलोओहमच्या खाली ग्राउंडकडे ४७ मायक्रोफॅरड. आउटपुटवरून साइडचेन, म्हणजे कंट्रोल व्होल्टेज तयार करणारी शाखा, निघते: उलटा फेज करणारा एक टप्पा, दोन १एन४१४८ डायोड, अटॅकचा (दाब किती झटकन यावा याचा) २५ किलोओहमचा पॉट, टायमिंगचा ०.२२ मायक्रोफॅरड, रिलीजसाठी (दाब किती वेगाने सुटावा यासाठी) २७० किलोओहम आणि त्याच्यासोबत ५ मेगओहमचा पॉट, आणि शेवटी गेटला चालवणारा बफर. बिल पुटनम यांच्या ११७६ या प्रसिद्ध कॉम्प्रेसरपासून जेफेटवर चालणाऱ्या बहुतेक बांधणींचा सांगाडा कमी-अधिक असाच असतो.

सप्लायबद्दल थोडक्यात. आयसी सॉकेटमधून काढून ठेवा आणि पिन ८ वर अधिक १५, पिन ४ वर उणे १५ आहे का ते बघा. उणे बाजू मेली असेल तर पहिला संशय रेग्युलेटरच्या पायांवर घ्या. ७८१५ चे पाय इनपुट, ग्राउंड, आउटपुट या क्रमाने असतात, तर ७९१५ चे ग्राउंड, इनपुट, आउटपुट. ७९१५ ची धातूची पाठ इनपुटला जोडलेली असते, ग्राउंडला नव्हे. ती डब्याला टेकली की शॉर्ट. प्रत्येक आयसीच्या सप्लाय पिनांजवळ १०० नॅनोफॅरड हवाच.

आता वर्तुळ तोडायचं. दोन्ही डायोडचं एकेक टोक सोल्डर काढून उचला, आणि जेफेट अजून बसवूच नका. राहिला तो साधा अँप्लिफायर. इनपुटला ४०० हर्ट्झचा ५० मिलिव्होल्ट साइन द्या. फोनवरचं टोन जनरेटर पुरतं. १ किलोहर्ट्झऐवजी ४०० म्हणण्याचं कारण असं की साध्या मल्टिमीटरची एसी रेंज काहीशे हर्ट्झपर्यंतच भरवशाची असते. आउटपुटला पावणेदोन व्होल्टच्या आसपास मिळायला हवेत. पूर्ण २ मिळत नाहीत, कारण ४७ किलोओहमच्या पुढे १ मेगओहम आणि गेटकडचे रेझिस्टर (त्यांच्याबद्दल पुढे येईल) थोडा सिग्नल खातात. फक्त ४३ मिलिव्होल्ट आले तर गेन १ झाला आहे: १ किलोओहमचा किंवा त्याखालच्या कपॅसिटरचा जोड कोरडा आहे. आउटपुट १३ व्होल्ट डीसीवर चिकटलं असेल तर ऑपअँपच्या इनपुटला ग्राउंडकडे वाटच नाही. १ मेगओहमचा डाग पुन्हा द्या.

जेफेट बसवण्याआधी तपासा. डायोड टेस्टवर गेटपासून दोन्ही पायांकडे एकाच दिशेने ०.६ ते ०.७ व्होल्ट दिसले पाहिजेत, आणि ड्रेन-सोर्समध्ये दोन्ही दिशांनी सारखाच, काहीशे ओहमचा रेझिस्टन्स. २एन५४५७ आणि जे२०१ यांची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर क्रम ड्रेन, सोर्स, गेट असा येतो. २एसके३०ए मध्ये मात्र गेट मधोमध असतो. ड्रेन आणि सोर्स उलटे झाले तरी सहसा निभावतं, गेट चुकला तर नाही.

मग पिंच-ऑफ, म्हणजे ज्या गेट व्होल्टेजला जेफेट पूर्ण बंद होतो ते, मोजा. ९ व्होल्ट बॅटरीचा अधिक ड्रेनला, उणे गेटला, आणि सोर्स व उणे यांच्यामध्ये डीसी व्होल्टवर ठेवलेला मल्टिमीटर. मीटरचा स्वतःचा १० मेगओहमच सोर्स रेझिस्टरचं काम करतो आणि पडद्यावर दिसतं ते जवळजवळ पिंच-ऑफ व्होल्टेज. बोटांची ऊब उतरेपर्यंत दहा-पंधरा सेकंद थांबा. २एन५४५७ ची डेटाशीटमधली मर्यादा उणे ०.५ ते उणे ६ व्होल्ट एवढी रुंद आहे, म्हणजे एकाच पिशवीतले दोन नग एकमेकांना ओळखणारही नाहीत. दुसऱ्याच्या सर्किटमधलं बायस व्होल्टेज (सिग्नल नसताना गेटला दिलेलं स्थिर व्होल्टेज) जसंच्या तसं उतरवून का चालत नाही, ते यावरून कळेल.

समजा आपल्या नगाचं पिंच-ऑफ उणे २.२ व्होल्ट आहे आणि पूर्ण चालू असताना त्याचा रेझिस्टन्स ३०० ओहम आहे. ४७ किलोओहमसमोर १० डेसिबल दाबायला जेफेट सुमारे २२ किलोओहम व्हावा लागतो, २० डेसिबलला सुमारे ५.२ किलोओहम. गणित केलं तर १० डेसिबलसाठी गेट पिंच-ऑफपासून साधारण ३० मिलिव्होल्ट वर यावं लागतं, २० डेसिबलसाठी साधारण १२५. म्हणजे कॉम्प्रेसरचा सगळा खेळ उणे २.२ व्होल्टच्या शेजारच्या व्होल्टच्या आठव्या भागात चालतो! हा आकडा डोक्यात पक्का ठेवा, कारण उरलेले निम्मे दोष यातूनच उगवतात. बायसचा ट्रिमर (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा पॉट) एका फेऱ्याचा असेल तर स्क्रूड्रायव्हर टेकवला तरी २ डेसिबल हलतात; २५ फेऱ्यांचाच घ्या. बायस रेग्युलेट न केलेल्या सप्लायवरून घेतला असेल तर १० मिलिव्होल्टची लहर थेट आवाजावर घुमते, आणि तीही फक्त दाबताना.

आता गेट हाताने चालवा. जेफेट बसवा, गेटची बफरकडून येणारी तार उचला, आणि ग्राउंड व उणे १५ यांच्यामध्ये १० किलोओहमचा पॉट लावून त्याचा मधला पाय गेटकडच्या रेझिस्टरला द्या. उणे ५ व्होल्टवर आउटपुट आधी होतं तेवढंच राहिलं पाहिजे. कमी झालं तर गेटचा पाय चुकला आहे, नाहीतर तो नग उणे ५ ला बंदच होत नाही. पॉट हळूहळू ग्राउंडकडे आणा. बराच वेळ काहीच घडणार नाही, मग एकाएकी आउटपुट उतरू लागेल. १.७३ चे १.५४ व्होल्ट झाले की बरोबर १ डेसिबल दबलं. त्या क्षणीचं व्होल्टेज लिहून ठेवा; बायसचा ट्रिमर शेवटी तिथेच लावायचा आहे.

हाच पॉट आणखी एक गोष्ट दाखवतो. इनपुट शॉर्ट करा, हेडफोनचा आवाज बेताचा ठेवा आणि पॉट झटकन फिरवा. ‘धप्प’ असा आवाज आला तर ड्रेनवर डीसी आहे: जेफेटचा रेझिस्टन्स बदलला की तो डीसी उडी मारतो आणि पुढे ४० पट होतो. चांगला म्हणून टीएल०७२ च्या जागी एनई५५३२ बसवणाऱ्यांना हे हमखास भोवतं. ५५३२ चा बायस करंट, म्हणजे त्याच्या इनपुटमधून कायम जाणारा करंट, साधारण २०० नॅनोअँपिअर असतो. १ मेगओहममधून तो गेला की ड्रेनवर ०.२ व्होल्ट उभे. टीएल०७२ चा हा करंट पिकोअँपिअरमध्येच मोजला जातो. कमी नॉइजचा म्हणून ५५३२ घेतला, तर तोही फायदा इथे उरत नाही. त्याच्या करंट नॉइजचे ४७ किलोओहमवर सुमारे ३३ नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ होतात. टीएल०७२ चा व्होल्टेज नॉइज १८ च्या आसपास आहे. या जागी टीएल०७२ च उजवा.

ड्रेनवरचा अर्धा सिग्नल गेटला दिला की डिस्टॉर्शन बरंच उतरतं, म्हणून बहुतेक सर्किटांत गेटकडे दोन सारखे रेझिस्टर आणि एक कपॅसिटर असतो. तिथे १-१ मेगओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड टाकले तर टाइम कॉन्स्टंट ०.२ सेकंद होतो. गेट अर्ध्या व्होल्टेजला लगेच पोचतं आणि उरलेलं अर्धं रेंगाळत येतं. वर्तुळात हा दुसरा आळस शिरला की आवाज वरखाली हिंदकळतो. त्याऐवजी २२० किलोओहमचे दोन आणि १० नॅनोफॅरड घ्या, ४.४ मिलिसेकंद पुरतात आणि परिणाम ३६ हर्ट्झपर्यंत टिकतो. गेटवर ‘थोडं गुळगुळीत व्हावं’ म्हणून आणखी कपॅसिटर टाकण्याचा मोह टाळा.

आता साइडचेन. टायमिंग कपॅसिटर रिलीजच्या रेझिस्टरमधून उणे २.२ च्या बायसला बांधलेला असतो, म्हणून डायोडचा अनोड शून्यावर राहून चालत नाही. तसं झालं तर सिग्नल नसतानाही डायोड चालू राहतो, गेट उणे ०.६ कडे ओढलं जातं आणि यंत्र कायम दाबत बसतं. अनोडला कपॅसिटरमधून सिग्नल आणि रेझिस्टरमधून त्याचं स्वतःचं उणे व्होल्टेज मिळायला हवं, समजा उणे ३.५. हे व्होल्टेज आणि बायस यांच्यातलं अंतर अधिक डायोडचा ड्रॉप म्हणजेच थ्रेशोल्ड, दाब जिथून सुरू होतो ती पातळी. कॅथोड टायमिंग कपॅसिटरकडे. डायोड उलटा बसला तर गेट आणखी उणे होतं आणि दाब मुळीच येत नाही. तिथे इलेक्ट्रोलिटिक वापरलाच असेल तर त्याचा अधिक पाय ग्राउंडला, कारण दुसरी बाजू उणे आहे. खरं तर तो तिथे वापरूच नका, फिल्म घ्या.

कारण टायमिंग कपॅसिटरच्या या बिंदूचा रेझिस्टन्स प्रचंड आहे. रिलीज सगळ्यात मंद ठेवलं की बायसपर्यंत ५.२७ मेगओहम होतात. त्यातून ०.१ मायक्रोअँपिअर गळाला तर व्होल्टेज अर्ध्या व्होल्टने सरकतं, आणि आपला सगळा खेळ तर व्होल्टच्या आठव्या भागातला! शिवाय मीटरही इथे खोटं बोलतो. त्याचे १० मेगओहम ग्राउंडला जोडले गेले की उणे २.२ च्या जागी उणे १.४४ दिसतात, आणि गेटलाही खरोखर तेवढंच मिळतं. म्हणजे प्रोब टेकवताच दाब सुरू होतो आणि माणूस नसलेला दोष शोधत बसतो. मोजायचं ते बफरच्या आउटपुट पिनवर.

गळती पकडायची सोपी युक्ती आहे. इनपुट शॉर्ट करा आणि फक्त रिलीजचा नॉब फिरवा. दाब दाखवणारा मीटर हलला नाही पाहिजे. हलला तर त्या बिंदूतून करंट जातो आहे: सोल्डरच्या फ्लक्सचा थर, गळका कपॅसिटर, किंवा बफर म्हणून बसवलेला ५५३२, ज्याचे २०० नॅनोअँपिअर इथे १ व्होल्ट करतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशने बोर्ड घासून वाळवा, मग पुन्हा बघा. १एन४१४८ चं शरीर काचेचं असतं आणि उजेड पडला की त्याची गळती वाढते. टेबलावरचा दिवा विझवून आकडा बदलतो का ते पाहा.

डायोड आणि गेटची उचललेली तार पुन्हा जोडून वर्तुळ बंद करा. इनपुट शॉर्ट असताना मीटर ४-५ डेसिबल दाब दाखवत असेल आणि नॉब फिरवून तो हलत नसेल, तर अनोडचं व्होल्टेज आधी बघा, आणि ते ठीक असेल तर ऐकू न येणाऱ्या फ्रीक्वेन्सीवर ऑसिलेशन होतं आहे. साइडचेनला ते मोठ्या आवाजासारखंच दिसतं. ३९ किलोओहमवर २२ पिकोफॅरड आणि आउटपुटला ४७ ते १०० ओहम टाकून बघा. मीटरचे एलईडी लागताना टिक्‌ असा आवाज येत असेल तर त्यांची ग्राउंड तार वेगळी काढून थेट सप्लायच्या कपॅसिटरपाशी न्या.

बेस वाजताना आवाज खरखरीत होणं हा मात्र दरवेळी दोष नसतो. रिलीज सगळ्यात जलद, म्हणजे ५९ मिलिसेकंद असताना ५० हर्ट्झच्या दोन शिखरांमध्ये १० मिलिसेकंद जातात, आणि तेवढ्यात कंट्रोल व्होल्टेज १५ टक्के घसरतं. ही लहर दुप्पट फ्रीक्वेन्सीची असते, त्यामुळे तिसरा हार्मोनिक (मूळ सुराच्या तिप्पट फ्रीक्वेन्सीचा भाग) वाढतो. रिलीज मंद करा, तो जातो. संगणकावरच्या स्पेक्ट्रममध्ये दुसरा हार्मोनिक उंच दिसला तर मात्र रेक्टिफायरची एक बाजू मेली आहे. एकेक डायोड उचलून बघा. दोन्ही वेळा दाब सारखा आला पाहिजे.

दोन चॅनेल जोडायचे असतील तर प्रत्येक चॅनेल आधी स्वतंत्रपणे चोख चालू द्या. पिंच-ऑफ ५० मिलिव्होल्टच्या आत जुळणारी जोडी निवडली तरी दोन्ही बायस वेगवेगळे लावावेच लागतील. आणि हे बायस उघड्या बोर्डवर कायमचे ठरवू नका. झाकण लावून यंत्र अर्धा तास चालू ठेवा, जेफेट आणि डायोड आतल्या उष्णतेला सरावू द्या, आणि मग झाकणाला पाडलेल्या भोकातून ट्रिमर पुन्हा त्या १ डेसिबलवर आणा.