पिशवीतला कागद

[पहाट. नवापूर रेल्वे स्टेशनचा फलाट. गाठोडी, पेंगुळलेली पोरं.]

हे नवापूर. सुरत-भुसावळ मार्गावरचं स्टेशन. इथं तिकीट खिडकी महाराष्ट्रात आहे आणि स्टेशन मास्तरांची खोली गुजरातेत. फलाटावरच्या एका बाकड्याच्या मधोमध दोन राज्यांची हद्द जाते, आणि बाकड्यावर तसं रंगवूनही ठेवलंय. गाडीची वर्दी चार भाषांत मिळते: मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी. बाकड्याशेजारी बसलेली माणसं मात्र आपसात मावची बोलताहेत. ती या चारांत नाही.

दिवाळी झाली की नंदुरबार जिल्ह्यातले पाडे रिकामे व्हायला लागतात. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर. काही जण रेल्वेनं जातात, बरेचसे मुकादमाच्या ट्रकनं. कुणी बारडोलीकडच्या उसात, कुणी वीटभट्टीवर, कुणी थेट सौराष्ट्रात कापूस-भुईमुगाच्या शेतात. घरातला दाणा संपतो पावसाळ्यात. तेव्हाच उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी. पोरंबाळं सोबतच.

[गाठोडं, अगदी जवळून.]

ज्वारीचं पीठ. तवा. दोन गोधड्या. कोयत्यांची पाती चिंध्यांत गुंडाळलेली. मोबाइलचा चार्जर. आणि सगळ्यात आत, रबर लावलेली प्लास्टिकची पिशवी. तीत आधार, रेशनकार्ड आणि घडी पडून मऊ झालेलं एक कार्ड. त्याच्यावर आईचं वजन लिहिलंय, रक्त किती आहे ते लिहिलंय, धनुर्वाताच्या इंजेक्शनची तारीख आहे. माता बाल संरक्षण कार्ड.

जिचं हे कार्ड आहे, तिला सातवा महिना लागलाय.

गावात आशाताईच्या वहीत तिचं नाव आहे, अंगणवाडीत आहे, उपकेंद्रात नर्सताईंच्या रजिस्टरमध्येही आहे. गाडी हलली की ही सगळी नावं मागं राहतात. पुढं जिथं ती बाळंत होणार, तिथल्या कुठल्याच वहीत ती नाही. आपली आरोग्यसेवा गावच्या पत्त्यावर उभी आहे, आणि ही बाई वर्षातले पाच-सहा महिने त्या पत्त्यावर नसते.

[उसाचा फड. कोप्यांचा, म्हणजे मजुरांच्या झोपड्यांचा पडाव.]

पडावातली रात्र. समजा तिला कळा सुरू झाल्या. रुग्णवाहिकेचा १०८ हा नंबर महाराष्ट्रात चालतो, तोच गुजरातेतही चालतो. हे टोळीतल्या प्रत्येकाला माहीत हवं, आणि बऱ्याच जणांना ते माहीत नसतं. पण नंबर माहीत असून भागत नाही. फोन लागतो, पलीकडून गुजरातीत प्रश्न येतो: कुठं आहात?

कुठं आहोत? एका उसात. कालपर्यंत दुसऱ्या उसात होतो. गावाचं नाव मुकादमाला ठाऊक, मुकादम झोपलाय कारखान्याजवळ. जवळ रस्ता आहे, पण त्याला पाटी नाही. गाडी दहा मिनिटांच्या अंतरावर उभी असली, तरी ती पोचायची कशी?

म्हणून आम्हाला या सगळ्या प्रवासात सर्वांत मोलाची वाटली ती एक साधी सवय. पडाव पडला की पहिल्याच दिवशी गावाचं नाव, शेतमालकाचं नाव आणि जवळची मोठी खूण, म्हणजे देऊळ, शाळा किंवा टाकी, कुणाकडून तरी लिहून घ्यायची. तो कागद कोपीच्या आत, हाताला लागेल असा खोचायचा. पडाव हलला की नवा कागद. याला सरकारी आदेश लागत नाही. मुकादमानं मनावर घेतलं तर पाच मिनिटांचं काम आहे. परराज्यातून मजूर आणणाऱ्या ठेकेदारानं त्यांची वैद्यकीय सोय मोफत करावी, असं १९७९ च्या कायद्यातच होतं. टोळीतल्या किती जणांनी ते कधी ऐकलंय?

[पहाटेचा फड. पानांवर दव. एक तरुण गुडघे धरून बांधावर बसलाय.]

सातपुड्याच्या या पट्ट्यात सिकलसेल आहे. भिल्ल, पावरा, मावची घरांतून पिढ्यान् पिढ्या आलेला. रक्तातल्या तांबड्या पेशी एरवी गोल असतात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडं फुटावीत तशी कळ येते. डोळे पिवळे होतात, घरचे कावीळ समजून झाडपाला देतात. आई-बाप दोघंही वाहक असले, तर प्रत्येक बाळंतपणात मुलाला हा आजार असण्याची शक्यता चारात एक. वाहक माणूस एरवी धडधाकट दिसतो, म्हणून तपासल्याशिवाय कळत नाही.

या आजाराला काय बाधतं ते बघा. थंडी. अति थकवा. अंगातलं पाणी कमी होणं. आणि ऊसतोड म्हणजे काय? पहाटेच्या दवात भिजणं, दिवसभर वाकून तोडणं, मोळ्या वाहणं, आणि पाणी नाही म्हणून किंवा बायकांच्या बाबतीत आडोसा नाही म्हणून तहान मारणं. ज्याला सिकलसेल आहे, त्याच्यासाठी याहून वाईट काम शोधूनही सापडायचं नाही. तरी तो जातो, कारण उचल त्याच्याही नावावर असते.

त्याला कळलं पाहिजे की कळ येण्याआधी पाणी प्यायचंय, अंग गरम ठेवायचंय, गोळ्या चुकवायच्या नाहीत. आणि कळ आली, ताप आला, छाती दुखायला लागली, तर फडात बसून राहायचं नाही. दवाखान्यात पोचल्यावर पहिलं वाक्य म्हणायचं: "मला सिकलसेल आहे." तेवढ्यानं डॉक्टरांचा निम्मा वेळ वाचतो. तो ते म्हणत नाही, म्हणून अंगदुखीची सुई घेऊन परत येतो.

१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची ठरली. चांगलं आहे. पण शिबिर जानेवारीत लावलं, तर पाड्यावर भेटतात म्हातारी माणसं आणि शेळ्या. ज्यांचं रक्त तपासायचं, ते तेव्हा बारडोलीत असतात. शिबिराची तारीख मुकादमाच्या ट्रकच्या आधीची हवी. दिवाळीपूर्वीच्या बाजाराच्या दिवशी धडगावात किंवा मोलगीत मांडव टाका, माणसं आपण होऊन येतील. आणि दुसऱ्यांदा होळीला. काठी गावच्या होळीला सातपुडा लोटतो, लांब गेलेला माणूसही त्या दिवसापर्यंत परततो.

[सुरतेची गल्ली. दुकानांच्या पाट्या.]

भाषेचं बघू. मराठीत ताप, गुजरातीत ताव. बाळंतपण म्हणजे सुवावड. दवाखाना मात्र दवाखानुं, तेवढं चुकत नाही. पण पावरी किंवा मावची बोलणाऱ्या बाईला मराठीच दुसरी भाषा असते, गुजराती तिसरी. रक्त किती जातंय, कधीपासून जातंय, हे परक्या भाषेत परक्या पुरुषाला सांगायचं कसं? ती गप्प राहते. दवाखान्यात ही "काही बोलत नाही" म्हणून नोंदली जाते.

आणि याच सुरतेत उधना, लिंबायतला चक्कर मारली तर कानावर अहिराणी पडते. धुळे-जळगावची माणसं कापडाच्या धंद्यात इथं येऊन पिढी-दोन पिढ्या झाल्या. त्यांना गुजराती येते, मराठी येते, दवाखान्याची खिडकी कुठली ते ठाऊक असतं. फडातून आलेल्या बाईशेजारी यांच्यातली एखादी मावशी बसली आणि नुसतं "माय, काय दुखस तुनं?" असं विचारलं, तरी तिचं तोंड उघडेल. खान्देशाची माणसं दोन्हीकडं आहेत. त्यांची गाठ अजून पडलेली नाही.

[रावेर तालुका. केळीची बाग, घड वाहणारे मजूर.]

आता जरा आपल्या दारात. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आपल्याला अभिमान आहे. त्या केळीचे घड कोण वाहतं? रावेर-यावलच्या बागांत मध्य प्रदेशातून आलेली बारेला आदिवासी कुटुंबं आहेत. कुणी हंगामापुरती, कुणी सालदार म्हणून मळ्यातच राहणारी. बारडोलीत आपली बाई जशी परकी, तशी ही इथं. "आधारवर पत्ता कुठला? मग तिकडंच जा," हे आम्ही आमच्या कानांनी ऐकलं, आणि ते मराठीत होतं.

लसीला पत्ता लागत नाही. सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझेरियन, औषधं, जेवण, घरापर्यंतची गाडी हे सगळं २०११ पासून मोफत आहे आणि ती बाई कुठल्या तालुक्याची हे त्यात कुठं विचारलेलं नाही. अंगणवाडीची नोंद पोषण ट्रॅकर या ॲपवर दुसऱ्या राज्यात हलवता येते. क्षयाच्या रुग्णाला निक्षय क्रमांक असतो. तो दाखवला की गोळ्यांचा कोर्स दुसऱ्या गावात पुढं चालू राहतो. आयुष्मान कार्ड दुसऱ्या राज्यातल्या जोडलेल्या रुग्णालयातही चालतं, वर्षाला कुटुंबामागं ५ लाखांपर्यंत. आधारवर एक नाव आणि रेशनकार्डावर दुसरं असेल तर तिथं अडतं, म्हणून ती दुरुस्ती निघण्याआधी गावातच करून घ्यायची. आणि माता बाल संरक्षण कार्डाला गुजरातेत ममता कार्ड म्हणतात. तिकडच्या आशाबेनला एवढा एक शब्द सांगितला, तरी तिला कळतं काय हवंय.

[होळीनंतरचा पाडा. उपकेंद्राचा ओटा.]

ती परत आलीय. पाठीला झोळी, झोळीत बाळ. नर्सताई कार्ड मागतात. रबर निघतं, पिशवी उघडते. कार्डाला उसाच्या चिकटपणाचा डाग पडलाय.

नर्सताई पान उलटतात आणि थांबतात. वरच्या ओळी त्यांच्याच हातच्या. खालच्या ओळी दुसऱ्या कुणाच्या तरी, अक्षरांवर शिरोरेघ नसलेल्या. त्या कार्ड उजेडाकडं धरतात, बोट ठेवून एकेक अक्षर लावतात. बाळाचं वजन लागतं. बीसीजी लसीची तारीख लागते. पुढचा शब्द लागत नाही, म्हणून त्या मोबाइल काढतात आणि कार्डावर शिक्क्याखाली लिहिलेला नंबर फिरवतात.

पलीकडं रिंग वाजतेय.