गाळा तोच, मजला सतरावा

(दृश्य: विक्रोळी पूर्व. सकाळ. चार मजली जुनी इमारत, गॅलरीत निळी पिंपं. मागे काचेचा टॉवर.)

हे कन्नमवार नगर. १९६३ साली मुख्यमंत्रिपदावर असतानाच वारलेल्या मारोतराव कन्नमवारांच्या नावाची, गृहनिर्माण मंडळाची वसाहत. इथे राहायला आले ते कारखान्यातले कामगार, कारकून, बेस्टचे कंडक्टर.

आपल्या जनगणनेत कुणाला उत्पन्न विचारत नाहीत. टीव्ही आहे का, स्कूटर आहे का, स्वयंपाकघर वेगळं आहे का, यावरून अंदाज बांधायचा. इथे मात्र उत्पन्न घराच्या कागदावरच लिहिलेलं होतं: अल्प उत्पन्न गट. पगाराचा दाखला दाखवायचा, तेव्हा गाळा मिळायचा.

(दृश्य: विक्रोळी स्टेशन, गर्दी.)

१९९१ ते २००१ या दहा वर्षांत मुंबई उपनगर जिल्ह्यात जवळपास १९ लाख माणसं वाढली. पुढच्या दहा वर्षांत जेमतेम ७ लाख. २०११ साली जिल्ह्याची लोकसंख्या होती ९३ लाख ५७ हजार. त्याच काळात मुंबई शहर जिल्ह्यातली माणसं चक्क कमी झाली, आणि ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी फुगला. गिरणगावातून माणूस आधी उपनगरात सरकला होता, आता उपनगरातूनही पुढे सरकत होता. डोंबिवली, दिवा, बदलापूर.

का, ते इथल्या कुठल्याही घरात विचारा. एका खोलीत दोन भाऊ वाढले. थोरल्याचं लग्न झालं. धाकट्याचं ठरलं, तेव्हा खोलीत पडदा लावून भागेना. एलबीएस मार्गावरचे औषधांचे, इंजिनीअरिंगचे कारखाने एकेक करून बंद झाले होते. बापाची कायमची नोकरी मुलाच्या वाट्याला कंत्राटी होऊन आली. त्या पगारावर विक्रोळीत दुसरं घर होईना. धाकटा बदलापूरला गेला.

(दृश्य: टॉवरचं प्रवेशद्वार, लिफ्ट.)

मग पुनर्विकास आला: जुनी इमारत पाडून टॉवर. जुन्या गाळेधारकांना मोठी घरं मिळाली, शेजारी बाहेरच्यांना विकायच्या घरांची इमारत उभी राहिली. आता हिशेब बघा. समजा, जुनी ४० कुटुंबं महिना २५ हजार कमावणारी. नवी ४० कुटुंबं सव्वा लाख कमावणारी. सरासरी झाली ७५ हजार. म्हणजे वसाहतीचं उत्पन्न तिप्पट झालं, आणि जुन्या एकाही घरात पगार एका रुपयानं वाढला नाही. उपनगरं श्रीमंत झाली असं कुणी सांगितलं, की मला हे गणित आठवतं. वाढलेला आकडा खोटा नसतो, तो दुसऱ्यांचा असतो.

(दृश्य: सतरावा मजला. स्वयंपाकघराच्या ओट्यावर प्लास्टिकची पिशवी.)

या आजी म्हणजे त्या दोन भावांची आई. त्यांनी जुन्या घरच्या पावत्या जपून ठेवल्यात. गृहनिर्माण मंडळाच्या सेवाशुल्काच्या, कडा पिवळ्या पडलेल्या, सालवार दोऱ्यानं बांधलेल्या. तेव्हा वर्षाला जेवढे पैसे जायचे, तेवढे आता महिन्याला मेंटेनन्सचे जातात. लिफ्ट, पंप, वॉचमन, पार्किंग. पार्किंगच्या जागेत त्यांची गाडी नाही, सायकलही नाही. पेन्शन तीच.

"घर छान आहे हो," त्या म्हणतात. "स्वतःचं संडास-बाथरूम, उजेड, वारा. मी नाही कशाला म्हणू? पण पहिल्या तारखेला पोटात गोळा येतो."

काही शेजाऱ्यांनी तर चावी हातात पडल्यावर वर्षभरातच घर विकलं. त्या पैशात अंबरनाथला मुलाला एक, मुलीला एक घर झालं. त्यांना दोष कसा द्यायचा?

(दृश्य: संध्याकाळ. दारात चपला.)

२०२१ ची जनगणना झाली नाही. आता १ मार्च २०२७ हा दिवस धरून मोजणी होईल. या दारावर प्रगणक येईल तेव्हा आजी आणि थोरल्याचं कुटुंब मोजलं जाईल. धाकटा मोजला जाईल बदलापूरला.

आज रविवार, तो आईकडे आलाय. निघताना आईनं डब्यात सुरमईचं कालवण भरून दिलंय, झाकणाला रबर लावून. विक्रोळीहून स्लो पकडायची, ठाण्याला उतरायचं, तिथून बदलापूर.

(दृश्य: वरच्या खिडकीतून रस्ता. तो मागे वळून हात करतो.)