पोट मऊ, पण कळ जीवघेणी

श्रोतेहो, नमस्कार.

पोटात दुखायला लागलं की आपल्याकडे आधी ओवा चावायला देतात, मग हिंगाचं पाणी, मग सोडा. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं, म्हणून या उपायांना मी नावं ठेवणार नाही. पण एक दुखणं असं आहे की त्यात ओव्याची वाट बघत बसलं तर आतडं हातचं जातं. आतड्याचा रक्तपुरवठा अचानक बंद पडणं, हे ते दुखणं.

ज्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात, झडपेचा आजार आहे किंवा झडप बदललेली आहे, त्यांच्या हृदयात रक्ताची गुठळी धरू शकते. ती सुटून मेंदूत गेली तर तोंड वाकडं होतं, हात लुळा पडतो, आणि शेजारीपाजारीसुद्धा लगेच ओळखतात. तीच गुठळी आतड्याच्या मुख्य धमनीत अडकली, तर सगळे म्हणतात, ‘गॅस झालाय.’ काहींच्या धमनीत चरबीचे थर साचून ती आधीच अरुंद झालेली असते. त्यांना कितीतरी महिने जेवल्यावर दुखतं, म्हणून ते जेवायलाच भितात आणि वाळत जातात. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं.

ओळखायचं कसं? माणूस कळवळत असतो, या कुशीवरून त्या कुशीवर होतो, उलटी होते, घाईने शौचाला जावं लागतं. आणि पोटावर हात ठेवावा तर पोट मऊ! दुखणं एवढं मोठं आणि हाताला काहीच लागत नाही, ही विसंगतीच धोक्याची खूण. पोट कडक व्हायची, शौचातून रक्त पडायची वाट बघू नका. तोवर आतडं मरायला लागलेलं असतं. मधे कधी कळ थोडी उतरते, घरच्यांना हायसं वाटतं. ते उतरणंही फसवं असू शकतं.

सोनोग्राफीत आतड्यातल्या हवेमुळे ही धमनी बऱ्याचदा नीट दिसत नाही. रक्तातलं लॅक्टेट, म्हणजे पेशींना ऑक्सिजन कमी पडला की वाढणारा घटक, सुरुवातीला नॉर्मल येऊ शकतं. खरा निकाल देतो तो शिरेतून औषध सोडून काढलेला सीटी अँजिओग्राम, म्हणजे रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन. त्या औषधाने किडनीला त्रास होईल, ही भीती रास्त आहे. पण या आजाराचा दाट संशय असेल तर क्रिएटिनिनच्या, म्हणजे किडनी कशी चालते ते दाखवणाऱ्या तपासणीच्या, रिपोर्टसाठी तास घालवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

निदान झालं की सलाईन, अँटिबायोटिक आणि गुठळी वाढू नये म्हणून हेपॅरिन सुरू करतात. मग सर्जन धमनी उघडून, बारीक फुगा असलेली नळी आत सारून गुठळी ओढून काढतात. काही ठिकाणी हे मांडीतल्या किंवा हातातल्या धमनीतून जाऊनही होतं. रक्त पुन्हा वाहू लागलं की निळसर पडलेलं आतडं डोळ्यांदेखत गुलाबी व्हायला लागतं, वळवळतं. जे काळंच राहतं ते कापून काढावं लागतं. जे अधांतरी आहे त्यासाठी 24 ते 48 तासांनी पोट पुन्हा उघडून बघतात. ‘दुसऱ्यांदा ऑपरेशन म्हणजे पहिलं फसलं’ असं नातेवाइकांना वाटतं. तसं नाही, आतड्याची लांबी वाचवण्यासाठीच ते असतं.

आता आपल्या भागाचं. देवगड, मालवण, वेंगुर्ल्याच्या गावांतून निघून पुढे गोव्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात किंवा घाट चढून कोल्हापूरला जायचं, तर रस्त्यातच मोलाचे तास जातात. म्हणून 108 ला फोन करतानाच चौकशी सुरू करा: सीटी आणि सर्जन दोन्ही आत्ता कुठे आहेत? पेशंटला तोंडाने काही देऊ नका. रक्त पातळ करायच्या गोळ्या गणपतीच्या गडबडीत राहिल्या असतील तर तेही सांगा, आणि भरपाई म्हणून दोन एकदम मात्र देऊ नका. गोळ्यांची चिठ्ठी आणि रक्त किती पातळ आहे ते सांगणारा शेवटचा आयएनआर रिपोर्ट सोबत घ्या. आणि दवाखान्यात पाऊल टाकताच म्हणा, ‘डॉक्टर, यांच्या हृदयाचे ठोके अनियमित आहेत, अचानक पोटात भयंकर कळ आली आहे, आतड्याचा रक्तपुरवठा बंद पडलाय का ते बघा.’