शरदातल्या सकाळी कुत्र्याला फिरवताना आधी गवत पाहा

नमस्कार. पावसाळा संपल्यानंतरच्या, म्हणजे आश्विन-कार्तिकातल्या सकाळी कुत्र्याला फिरायला कसे न्यावे, याविषयी आज बोलायचे आहे. डोळ्यांसमोर मुख्यतः पुणे परिसर ठेवला आहे. चार महिने चिखल आणि ओल्या कुत्र्याचा वास सोसलेल्या माणसाला या दिवसांतले स्वच्छ आभाळ पाहून वाटते की आता काळजीचे कारण उरले नाही. मग हातातला पट्टा सैल होतो, फेरी लांबते आणि पावले टेकडीकडे वळतात. माझ्या मते वर्षातले सर्वाधिक लक्ष याच आठवड्यांत द्यावे लागते, कारण आपण आपल्या उंचीवरून आभाळ पाहत असतो आणि कुत्रा मात्र आपल्या गुडघ्याखालच्या गवतातून चाललेला असतो.

हे कॅमेऱ्याजवळ धरते, नीट पाहा. हे कुसळी गवताचे कुसळ आहे. पुण्यातल्या टेकड्यांवर, माळांवर आणि रिकाम्या भूखंडांवर हे गवत पावसात वाढते आणि पाऊस ओसरल्यावर त्याचे बी पिकते. बियाचे टोक सुईसारखे असते, त्यावर मागे वळलेले बारीक केस असतात आणि मागे लांब, पीळ घातलेली शेपटी असते. दव लागले की ही शेपटी पीळ सोडते आणि वाळली की पुन्हा पीळ भरते. या फिरण्याने बी जमिनीत शिरते. हेच बी कुत्र्याच्या केसांत अडकले तर त्या उलट्या केसांमुळे ते मागे सरकत नाही, पुढेच जात राहते, आणि बोटांच्या मधल्या कातडीत, कानात, नाकपुडीत किंवा पापणीखाली जाऊन रुतते. फिरून आल्यावर कुत्रा एकच पंजा सारखा चाटू लागला, डोके एका बाजूला कलते करून कान झटकू लागला किंवा एकाएकी जोरजोरात शिंकू लागला, तर प्रथम कुसळाचाच संशय घ्यावा. पंजातले वरवर दिसणारे कुसळ चिमट्याने काढता येते. कानातले किंवा नाकातले घरी काढण्याचा प्रयत्न करू नये, कारण त्या प्रयत्नात ते अधिक खोल जाते. लांब केसांच्या कुत्र्यांच्या बोटांमधले आणि कानांभोवतालचे केस या दिवसांत कापून आखूड ठेवले, तर निम्मा त्रास वाचतो. गवताचे बी झडून जाईपर्यंत पायवाटेच्या मधोमध चालणे आणि कुत्र्याला कडेच्या गवतात शिरू न देणे हाच खरा उपाय आहे.

कडेला न जाण्याचे दुसरे कारण साप आहे. घोणस प्रामुख्याने रात्री हिंडते, मात्र थंडी पडू लागली की दिवसाही बाहेर दिसते आणि सकाळच्या उन्हाला पायवाटेच्या कडेला पडून असते. ती सहसा पळून जात नाही. प्रेशर कुकरची वाफ सुटावी तसा मोठा फुत्कार करते, आणि कुत्रा नेमका त्या आवाजाकडेच नाक नेतो. त्यामुळे चावा बहुधा तोंडावर किंवा पुढच्या पायावर बसतो. लांबत जाणारा, गुंडाळीचा पट्टा टेकडीवर मला अजिबात पसंत नाही. दीड मीटरचा साधा पट्टा घ्यावा. टेकडीवर मोर असतात, त्यांच्या दृष्टीनेही हेच योग्य आहे. साप चावल्यास जखम कापू नये, वर घट्ट दोरी बांधू नये, कुत्र्याला चालू न देता उचलून थेट पशुवैद्यांकडे न्यावे. आपल्याकडे मिळणारी सर्पविषावरील लस, म्हणजे साप चावल्यानंतर टोचायचे प्रतिविष, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालते, परंतु ती प्रत्येक दवाखान्यात असतेच असे नाही. आपल्या जवळपास ती कोठे मिळते, याची चौकशी आजच करून ठेवावी.

गोचिडींविषयी मात्र एक गैरसमज दूर करायला हवा. त्या केवळ गवतातूनच येतात, असे लोक मानतात. आपल्याकडे कुत्र्यांवर नेहमी आढळणारी तपकिरी गोचीड भिंतींच्या भेगांत, पार्किंगच्या कोपऱ्यांत आणि भटकी कुत्री बसतात त्या कट्ट्यांखालीही सुखाने राहते, त्यामुळे कुत्रा सोसायटीच्या आवारातच फिरत असला तरी रोजची तपासणी टळत नाही. कानांच्या आत, पट्ट्याखाली, काखेत, जांघेत आणि बोटांच्या बेचक्यांत पाहावे. गोचीड सापडल्यास चिमट्याने कातडीला अगदी लागून धरावी आणि सरळ ओढावी. रॉकेल किंवा पेटती काडी लावू नये. गोचीड तापात कुत्रा मलूल होतो, खाणे सोडतो, कधी नाकातून रक्त येते, तर कधी लघवी गडद रंगाची होते. अशा वेळी घरातली माणसांची तापाची गोळी देऊन वाट पाहणे धोक्याचे आहे.

साचलेल्या डबक्यातले पाणी कुत्र्याला पिऊ देऊ नये. त्यात उंदरांचे मूत्र मिसळलेले असू शकते आणि त्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस माणसांनाही होतो. घरून पाण्याची बाटली न्यावी आणि वार्षिक लसीकरणात या रोगाची लस आहे ना, हे पाहून घ्यावे.

आता वेळेविषयी. पुण्यात ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्योदय सव्वासहा ते साडेसहाच्या दरम्यान होतो आणि नोव्हेंबरअखेर तो पावणेसातच्या पुढे जातो, म्हणजे उन्हाळ्यातली साडेपाचची सवय आपण तशीच चालू ठेवली तर संपूर्ण फेरी अंधारात होते. काळ्या कुत्र्याला दुचाकीस्वार पाहू शकत नाही. त्यामुळे प्रकाश परावर्तित करणारा पट्टा किंवा गळ्यातला छोटा दिवा आवश्यक आहे. उलटपक्षी, रविवारी उशिरा उठून नऊ-दहा वाजता निघणाऱ्यांनी ऑक्टोबरचे ऊन हलक्यात घेऊ नये. कुत्र्याला घाम फक्त पंजांच्या तळव्यांतून येतो आणि शरीर थंड ठेवण्यासाठी त्याला धापेवरच अवलंबून राहावे लागते; पग किंवा शिह त्झू यांसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तीही नीट घेता येत नाही. अशांसाठी सात ते आठ हा तास उत्तम, कारण तेव्हा वाट स्पष्ट दिसते आणि ऊनही चढलेले नसते.

दिवाळीच्या दिवसांत मात्र हे वेळापत्रक बदलावे लागते. नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नानाच्या सुमारास, भल्या पहाटेपासून फटाके वाजू लागतात. माणसाला साधारण वीस हजार हर्ट्‌झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, तर कुत्र्याला पंचेचाळीस हजारांच्या आसपासचेही ऐकू येतात, आणि दचकलेला कुत्रा मान मागे ओढून गळ्यातल्या पट्ट्यातून सहज निसटतो. म्हणून या आठवड्यात छातीभोवती बसणारा हार्नेस वापरावा, शिवाय गळ्यात आपला फोन नंबर लिहिलेला बिल्ला ठेवावा. त्या दिवशी आवाज थांबल्यावर, उशिरा आणि थोडाच वेळ बाहेर पडावे. कुत्रा दारातच अडून बसला तर त्याला ओढत नेऊ नये, इमारतीच्या मागच्या बाजूला शी-शू उरकून घरी आणले तरी चालते. रस्त्यावर फुलबाज्यांच्या तारा आणि न वाजलेले फटाके पडलेले असतात, तेव्हा पुढचे दोन-तीन दिवस त्याचे नाक कोठे जाते आणि तोंडात काय येते, यावर नजर ठेवून चालावे.